आधी छप्पर, मग रंग: आमच्या जुन्या शाळेच्या दुरुस्तीची हकीकत

बॅचच्या ग्रुपवर "आपल्या शाळेसाठी काहीतरी करूया" असा मेसेज पडला की खाली नमस्काराच्या हातांची रांग लागते आणि दोन दिवसांत सगळं विरून जातं. आमच्याकडे तसं झालं नाही, कारण मुख्याध्यापिका बाईंनी मेसेजऐवजी फोटो पाठवला होता. सातवी ब च्या वर्गातलं छत, त्यातून खाली लोंबणारी फळी आणि तिच्या बरोबर खाली दुसरा बाक. ऑगस्ट २०२४ ची गोष्ट. रविवार होता म्हणून वर्गात कोणी नव्हतं.

शाळेचं नाव लिहीत नाही. कोल्हापुरात, पंचगंगेपासून फार लांब नाही, जुन्या पेठेत आहे एवढं पुरे. खाजगी अनुदानित शाळा, चालवणारी संस्था लहान. शिक्षकांचे पगार शासनाकडून येतात, पण इमारत संस्थेची, आणि वेतनेतर अनुदानात खडू, वीजबिल आणि झाडू भागला तरी पुष्कळ. इमारतीचे दोन भाग आहेत. पुढचा दगड-चुन्याचा, सागवानी कैच्यांवर मंगलोरी कौलांचा, १९३० च्या दशकातला. मागचा स्लॅबचा, १९७० च्या आसपासचा. सगळ्यांना वाटत होतं की पुढचा जुना भाग पाडावा लागणार आणि मागचा ठीक आहे. झालं उलटंच, ते पुढे सांगते.

मी १९९३ ची दहावी. सध्या एका कर सल्लागारांच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते, म्हणून पैशांची बाजू आपोआप माझ्या गळ्यात पडली. त्यामुळे या लेखात दगड-लाकडापेक्षा कागद जास्त आहेत. तुमच्या शाळेचं काम अडलं तर तेही बहुधा कागदावरच अडेल.

पहिली बैठक भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, ४ नोव्हेंबर २०२४ ला घेतली. पुण्या-मुंबईची मंडळी दिवाळीला आलेली असतात आणि लगेच परततात, तेव्हा हाच दिवस सापडतो. कोल्हापुरात शाळेची बैठक भरली आणि शाहू महाराजांचं नाव निघालं नाही असं होत नाही. महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला, हे सांगून एका दादांनी सुचवलं की बैठकीला न येणाऱ्या माजी विद्यार्थ्यालाही दंड लावा. टाळ्या पडल्या. मग प्रत्येकाने आपापलं स्वप्न मांडलं: डिजिटल वर्ग, प्रवेशद्वारावर कमान, संगणक कक्ष, एकाला तर ओपन जिम हवी होती.

तेव्हा आमच्याच बॅचची एक मैत्रीण उठली आणि म्हणाली, "आपण पाच वर्षं इथं होतो. मुलींपैकी किती जणी शाळेच्या संडासात गेलो ते सांगा." कोणी हात वर केला नाही. सकाळी घरून निघताना पाणी प्यायचं नाही, मधल्या सुट्टीत प्यायचं नाही, घरी जाऊन प्यायचं, हे आम्ही सगळ्याच करत होतो आणि कोणी कोणाशी बोललो नव्हतो. बाई शांतपणे म्हणाल्या, "आजही तसंच चाललंय." मुलांची आणि मुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी आणि रॅम्प या गोष्टी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांतच आहेत, म्हणजे आम्ही काही जास्तीचं मागत नव्हतो. कमान तिथेच मागे पडली. माझ्या मते सगळ्या कामाचा निकाल त्या दहा मिनिटांत लागला.

बैठकीत दोन गोष्टी लेखी ठरल्या. पैसे गोळा करण्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी. आणि कोणाच्याही नावाची फरशी, पाटी, संगमरवर काही नाही. देणगीदारांची एकच यादी, अकारविल्हे, रकमेशिवाय. दुसऱ्या ठरावामुळे एक मोठी देणगी गेली. त्या गृहस्थांना वडिलांचं नाव एका वर्गाला हवं होतं आणि त्यात गैर काही नव्हतं. पण एका वर्गाला नाव दिलं की उरलेल्या वर्गांचा लिलाव सुरू होतो, आणि संडासाला कोणी नाव देत नाही.

ऑडिट लगेच झालं नाही. शाळा मतदान केंद्र; २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, त्याआधी खोल्या ताब्यात. इंजिनिअर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आले. फी ४२,००० रुपये, ती पाच जणांनी मिळून भरली, कारण तोवर देणगी खातंच नव्हतं. जुन्या भागात त्यांनी भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या. भेग हलत असेल तर काच तडकते. सहा आठवड्यांनी पाहिलं तर एकही तडकली नव्हती. तुळयांची भिंतीत गेलेली टोकं उघडून स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहिली. चार टोकं कुजलेली, दोन ठिकाणी वाळवी, बाकी लाकूड ठणठणीत. म्हणजे लोंबणारी फळी ही कौलं सरकल्यामुळे वर्षानुवर्षं मुरलेल्या पाण्याची करामत होती.

मागच्या स्लॅबच्या भागाचा अहवाल मात्र वाईट. आतली सळई गंजली की फुगते आणि बाहेरचं काँक्रीट ढकलून फोडते. छज्जे आणि वरच्या मजल्यावरचे दोन बीम तसे फुटले होते. वरचा मजला वर्गांसाठी ताबडतोब बंद करा, असं त्यांनी लेखी दिलं. बाईंनी दुसऱ्याच दिवशी कुलूप लावलं आणि तीन वर्ग दुपारच्या सत्रात हलवले. पालकांची नाराजी त्यांनी एकट्यांनी झेलली, आम्ही कोणी तिथं नव्हतो.

पूर्ण कामाचा अंदाज निघाला ४६ लाख. ग्रुपवर एकदम शांतता. मग आम्ही टप्पे पाडले: स्वच्छतागृहं, छप्पर, वायरिंग, ओल आलेल्या भिंती, मग स्लॅब. रंग सगळ्यात शेवटी. रंगापासून सुरुवात केलेली कामं मी पाहिली आहेत. फोटो छान येतात आणि पहिल्या पावसात भिंत पुन्हा पोपडे धरते.

आता कागद. संस्थेकडे आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी होती, ते नशीब. ती नसेल तर घाईने नवीन ट्रस्ट काढू नका, आधी संस्थेचीच नोंदणी करून घ्या. आम्हाला 'इमारत दुरुस्ती निधी' या नावाचं वेगळं बँक खातं हवं होतं, संस्थेचे दोन आणि माजी विद्यार्थ्यांचा एक अशा तीन सह्यांचं. बँकेने विश्वस्तांची सध्याची यादी मागितली आणि तिथे गाडी अडली. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत, म्हणजे परिशिष्ट १ वर, अजून जुनेच विश्वस्त होते, त्यातले दोघे हयात नाहीत. विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो दिलाच नव्हता. उशीर माफीच्या अर्जासह तो दाखल करणं, मृत्यूचे दाखले, जुने ठराव, नव्या विश्वस्तांची संमतीपत्रं, यात डिसेंबर आणि जवळजवळ पूर्ण जानेवारी गेला. शेवटी बँकेने दाखल केलेल्या रिपोर्टची पोच आणि संस्थेचा ठराव यावर खातं उघडलं. तुमच्याकडे कोणी पावती पुस्तक छापायची घाई करत असेल, तर त्याच्या हाताला आधी परिशिष्ट १ चा उतारा काढायचं काम द्या.

देणगीदारांना आम्ही एका पानाचं पत्र पाठवलं, त्यातल्या चार ओळी सगळ्यांना उपयोगी पडतील (कलमं आणि फॉर्म तेव्हाच्या, १९६१ च्या आयकर कायद्यातले). रोख २,००० रुपयांच्या वर दिली तर ८०जीची सवलत मिळत नाही. नवी कररचना घेतलेल्यांना ८०जीची वजावट नाहीच, तेव्हा त्या आशेवर देऊ नका. पॅन दिल्याशिवाय सवलतीचं प्रमाणपत्र निघणार नाही, कारण संस्थेला ३१ मे पर्यंत १०बीडी विवरण भरावं लागतं आणि त्यातूनच १०बीई, म्हणजे देणगीदाराचं प्रमाणपत्र, तयार होतं. आणि परदेशातल्या मित्रांचं: भारतीय पासपोर्ट असलेला दुबईतला वर्गमित्र स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतो, पण अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्याची देणगी ही विदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए (विदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी नसलेल्या संस्थेला ती घेता येत नाही. आमचा एक मित्र यामुळे फार खट्टू झाला. "मी काय परका झालो काय रे?" असं त्याने ग्रुपवर लिहिलं. त्याच्या भावाच्या नावावरून पैसे फिरवून आणायची युक्ती तिघांनी सुचवली. मी नको म्हटलं आणि थोडी वाईट झाले. त्याने मग रात्री जागून जुन्या रजिस्टरांच्या स्कॅनची अनुक्रमणिका करून दिली. ते काम पैशांपेक्षा मोठं ठरलं.

ही रजिस्टरं म्हणजे वेगळंच प्रकरण. कौलांच्या भागातल्या एका खोलीत शाळेची सगळी जनरल रजिस्टरं, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाच्या नोंदवह्या, होती. छप्पर उघडायचं तर ती हलवायला हवीत. बाई म्हणाल्या, पंचनाम्याशिवाय एकही वही दाराबाहेर जाणार नाही, आणि त्या बरोबर होत्या. ओबीसी-कुणबी जातीच्या दाखल्यासाठी १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि अनेक घरांकडे आजोबांच्या शाळेच्या नोंदीशिवाय दुसरा पुरावा नसतो. दर आठवड्याला कोणी ना कोणी ती नोंद शोधत येतं. शेवटी प्रत्येक वहीची पानं मोजून, यादीवर सह्या करून, लोखंडी कपाटांत घालून ती मुख्याध्यापकांच्या खोलीत हलवली. स्कॅनिंगला २८,००० रुपये लागले, ते एका दादांनी स्वतंत्र दिले.

फेब्रुवारीत तीन कोटेशनं घेतली. सगळ्यात स्वस्त ठेकेदाराने कौलं काढून रंगीत पत्रा टाकायचं सुचवलं होतं, जवळजवळ निम्म्या खर्चात. ग्रुपवर पत्र्याच्या बाजूने बहुमत होतं, हे कबूल करायला हवं. पण पत्र्याखाली एप्रिलच्या दुपारी बसून दाखवा, आणि जुलैच्या पावसात शिकवून दाखवा, असं म्हणत दोन निवृत्त सर उभे राहिले. पत्र्यावर कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला की पहिल्या बाकावरच्यालाही ऐकू येत नाही. कौलांवर शिक्कामोर्तब झालं. एका ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, साधारण दीडशे कौलं लागतात. आमच्या चाळीस ब्रासात निम्म्याहून जास्त जुनी कौलं धुऊन परत वापरता आली, आणि उरलेली पाडलेल्या वाड्यांच्या मालातून मिळाली. कुजलेल्या टोकांना जुन्याच सागवानाचे जोड दिले, आणि त्यांना धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपने फक्त मालाच्या किमतीत करून दिल्या. नगररचना विभागाला इंजिनिअरच्या दाखल्यासह लेखी कळवलं की आहे तशीच दुरुस्ती आहे, उंची-क्षेत्रफळात बदल नाही. त्याची शिक्का मारलेली पोच फाईलला लावली. शेजारच्याने तक्रार केली तेव्हा ती कामाला आली.

शाळा दहावीच्या परीक्षेचं केंद्र होती आणि परीक्षा १७ मार्चला संपली. त्याआधी हातोडा वाजवता येत नव्हता. स्वच्छतागृहांचं काम लगेच घेतलं. बाकीच्या वर्गांच्या परीक्षा त्या वर्षी एप्रिलच्या शेवटापर्यंत लांबल्या, त्यामुळे छपराला मे महिना तेवढा मिळाला. ठेकेदाराला सगळं छप्पर एकदम उघडून पटकन संपवायचं होतं. पन्हाळ्याकडचे एक वयस्कर मिस्त्री त्याच्याबरोबर होते, ते म्हणाले, "न्हाई. दोन-दोन खण उघडायचं, झाकायचं, मग म्होरं जायचं. वळवाचा काय नेम सांगावा." ठेकेदार कुरकुरला, मजुरी वाढते म्हणाला. आम्ही मिस्त्रींचं ऐकलं.

२०२५ चा मे ज्यांना आठवतो त्यांना पुढचं सांगायला नको. वीस तारखेच्या आसपास वळीव थांबेचना, आणि २५ मेला हवामान खात्याने मान्सून कोकणात पोचल्याचं जाहीर केलं. आमचे शेवटचे चार खण बाकी होते. ताडपत्र्या आणल्या, त्या वाऱ्याने उडाल्या, दोऱ्यांनी बांधल्या. एका संध्याकाळी माजी विद्यार्थ्यांपैकी तालमीतली चार पोरं वासे धरून ताडपत्रीवर बसून राहिली. त्यांना वर चढू द्यायला नको होतं असं मला अजूनही वाटतं; विमा फक्त ठेकेदाराच्या कामगारांचा होता. हे तुम्ही करू नका. पाऊस उघडेल तसतसं काम करून छप्पर १२ जूनला बंद झालं. शाळा १६ जूनला सुरू झाली.

भिंतींचं मात्र राहिलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पुराचं पाणी खालच्या वर्गांत उभं होतं, आणि दोन्ही वेळा नंतर ओल झाकायला सिमेंटचा गिलावा मारलेला. मिस्त्री म्हणाले, "बाई, चुन्याच्या भितीला शिमिट म्हंजे माणसाला प्लास्टिकचा कागद गुंडाळल्यागत हाय. आतलं पाणी जायचं कुठनं?" तो गिलावा चार फुटांपर्यंत खरवडून काढला, पण भिंत वाळायला हवी तो महिनाच पावसात गेला. मग पूर्ण पावसाळा ती उघडीच ठेवायची ठरली. जूनमध्ये मुलं उघड्या काळ्या दगडांशेजारी बसली. "लाखो रुपये घेतले आणि भिंती फोडून ठेवल्या" हे आम्ही बरेचदा ऐकलं. बाईंनी फळ्यावर खडूने लिहून ठेवलं: भिंत वाळते आहे, हात लावू नये. दिवाळीच्या सुट्टीत चुना आणि विटांच्या सुरखीचा गिलावा झाला.

हिशेब असा. ऑडिट ४२,०००. स्वच्छतागृहं आणि पाण्याची टाकी ४,८६,०००. छप्पर ११,७२,०००. वायरिंग आणि अर्थिंग २,३१,०००. भिंती १,९४,०००. मागच्या भागाच्या तळमजल्यावरचे छज्जे आणि स्लॅब ६,४०,०००. एकूण २७,६५,०००, जीएसटी धरून. जमा २८,१०,०००. ठेकेदाराच्या प्रत्येक बिलातून ५ टक्के अनामत कापून ठेवली होती, ती एक पूर्ण पावसाळा गेल्यावर, गळतीची पाहणी करून, नोव्हेंबरमध्ये दिली. टीडीएस आमच्याकडे १ टक्का कापावा लागला, कारण ठेकेदार व्यक्ती म्हणून होता. फर्म असती तर २ टक्के. प्रत्येक बिलाचा आणि मोजमाप वहीच्या पानाचा फोटो त्याच दिवशी ग्रुपवर टाकत गेलो. फोटो कोणी उघडून पाहत नव्हतं, पण एकदा मी दोन दिवस टाकला नाही तेव्हा लगेच तिघांचे फोन आले.

मुलींचं स्वच्छतागृह रोज दोनदा धुवायला एका मावशींना महिना ४,५०० रुपये देतो. हा खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात नव्हता आणि तोच कायमचा आहे. त्यासाठी साठेक जणांनी बँकेत महिना १०० रुपयांची कायम सूचना दिली आहे. दीड हजार उरतात, ते बल्ब, नळ आणि फुटक्या कौलांना जातात.

मागच्या भागाचा वरचा मजला अजून बंद आहे. त्याला ११ लाखांचा अंदाज आहे, खात्यात ४५,००० आहेत. बाईंची निवृत्ती मे २०२६ मध्ये आहे आणि त्याआधी दुपारचं सत्र बंद व्हावं असं त्यांचं म्हणणं आहे. मिस्त्रींनी शाकारणीसाठी एप्रिलचा दुसरा आठवडा आत्ताच राखून ठेवलाय; मे महिन्यात त्यांना आता कोणी बोलवू नये म्हणतात.